शेगडीच्या डोक्यावरचा मायक्रोवेव्ह : त्याचे दोष आणि त्याची निगा



इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा पणजी, यांपैकी कोणत्याही गावच्या मराठी वस्तीत आज चौकशी केली, तर ज्यांचा मुलगा वा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आहे अशी पुष्कळ घरे आढळतील. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्ताने आईवडील पाचसहा महिन्यांसाठी तिकडे जातात, आणि पहिल्याच आठवड्यात तेथील स्वयंपाकघर त्यांच्या हाती येते. या स्वयंपाकघरात शेगडीच्या बरोबर वर, जेथे आपल्याकडे धूर ओढणारी चिमणी बसवतात त्या जागी, भिंतीला जखडलेली एक रुंद पेटी असते. दिसायला तो नेहमीचा मायक्रोवेव्ह. परंतु खाली फोडणी टाकली की त्या पेटीच्या पोटातील पंखा आपोआप घोंघावू लागतो, तिच्या तळाला तेलाचे थेंब लोंबू लागतात, आणि एके दिवशी ती बंद पडते. घरात तान्हे मूल, मुले कामावर गेलेली, आणि पेटीला हात लावावा की लावू नये हा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर आजच्या भाषणात द्यावयाचे आहे. येथे आपल्या ओट्यावर ठेवलेल्या साध्या मायक्रोवेव्हलाही त्यातील बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडतो.

प्रथम ही पेटी म्हणजे काय ते पाहू. तिला तिकडे 'ओव्हर-द-रेंज' म्हणतात. 'रेंज' म्हणजे वर चार शेगड्या आणि खाली भट्टी असलेली त्यांची चूल. तिच्या माथ्यावरची ही पेटी साधारण ३० इंच रुंद असते आणि एकाच वेळी दोन कामे करते. वरच्या पोटात अन्न गरम होते, आणि तळाच्या जाळ्यांतून शेगडीवरचा धूर व वाफ ओढली जाते. हा धूर काही घरांत नळीवाटे घराबाहेर जातो. पुष्कळ घरांत मात्र तशी नळी नसते. तेथे तो कोळशाच्या जाळीतून गाळला जाऊन पेटीच्या वरच्या झरोक्यातून पुन्हा त्याच खोलीत सोडला जातो. आपल्या घरातली पेटी कोणत्या जातीची आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. पुढच्या निम्म्या शंका तेथेच मिटतात.

आता उष्णतेची गोष्ट. १९४० साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट या दोघांनी मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीला एक नवे, अत्यंत समर्थ रूप दिले. त्या काळी युद्ध चालू होते आणि ही नळी रडारसाठी हवी होती. पुढे अमेरिकेत रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट अशा नळीजवळ उभे असताना वितळले आणि त्यातून अन्न शिजविण्याची कल्पना निघाली, अशी कथा सांगतात. कथा काही असो, स्पेन्सर यांनी १९४५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ साली पहिली भट्टी विक्रीस आली, हा इतिहास आहे. ती भट्टी सुमारे पुरुषभर उंच आणि साडेतीनशे किलोच्या घरातील वजनाची होती. ओट्यावर मावेल असा घरगुती अवतार १९६७ साली लोकप्रिय झाला. येथे आपल्याकडील एका नावाचे स्मरण करणे उचित होईल. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरी निर्माण करून त्यांवर प्रयोग केले होते. मायक्रोवेव्हच्या लहरी त्याच कुळातल्या, मात्र लांबीने सुमारे १२ सेंटिमीटर.

या लहरींचे विद्युत्‌क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी आवर्तने करते. पाण्याच्या रेणूला एक टोक धन व एक टोक ऋण असल्यामुळे तो या क्षेत्राबरोबर वळू पाहतो, शेजारच्या रेणूंशी धडकतो, आणि त्या धडपडीतून उष्णता उपजते. लहरी अन्नात दोनतीन सेंटिमीटरच शिरतात. तेथून आतवर उष्णता पोचते ती नेहमीच्याच रीतीने, हळूहळू. म्हणून 'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो' हा समज खरा नाही. पोटाच्या धातूच्या भिंतींवर आपटून लहरी परततात आणि एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागा फार तापतात, तर काही थंड राहतात. खालची काचेची थाळी फिरते ती याचसाठी. वीज बंद होताच लहरी संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत जसा उजेड शिल्लक उरत नाही, तशा त्या अन्नात वा पेटीत शिल्लक उरत नाहीत.

मग भय कशाचे? भय आहे ते उच्च दाबाच्या विजेचे. मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्टचा दाब लागतो. घरात येणारी वीज आपल्याकडे २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची. पेटीतला जड ट्रान्सफॉर्मर ती सुमारे २००० व्होल्टपर्यंत चढवतो, आणि एक कपॅसिटर व एक डायोड मिळून तिला दुप्पट करतात. यातील कपॅसिटर हा विजेचा रांजण समजावा. पेटीचा प्लग काढल्यावरही हा रांजण भरलेला राहू शकतो. बहुतेक कपॅसिटरांत वीज सावकाश झिरपून जाण्याची सोय असते खरी, पण ती सोय निकामी झालेली असेल तर बाहेरून काहीही कळत नाही. रेडिओ, पंखा, मिक्सर उघडून दुरुस्त करणारे हौशी हात आपल्या घरोघरी आहेत, आणि 'प्लग काढला की भीती नाही' हा त्यांचा नेहमीचा अनुभव असतो. मायक्रोवेव्हच्या बाबतीत तोच अनुभव दगा देतो. अमेरिकेत जुन्या मायक्रोवेव्हमधील ट्रान्सफॉर्मर काढून त्याने लाकडावर जळकी नक्षी उमटविण्याच्या छंदात अनेकांनी प्राण गमावले आहेत. यास्तव पहिला आणि अनुल्लंघनीय नियम असा : पेटीचे बाह्य आवरण, ज्यासाठी स्क्रू काढावे लागतात ते, घरच्या माणसाने उघडू नये. स्क्रूच्या अलीकडे जे आहे ते आपले, पलीकडे जे आहे ते जाणत्या कारागिराचे.

दुसरी जागा दाराची. दार नुसते झाकण नसून ते या यंत्राचा पहारेकरी आहे. काचेतील जाळीची भोके एकदोन मिलिमीटरांची असतात, आणि १२ सेंटिमीटर लांबीची लहर त्यांतून निसटू शकत नाही. दाराच्या कडेभोवती खाचेची अशी रचना केलेली असते की फटीपर्यंत आलेली लहर तेथेच परतवली जाते. शिवाय दाराच्या आकड्यामागे साधारणतः तीन कळा असतात. दोन कळा दार उघडताच वीज तोडतात. तिसरी कळ या दोघींवर नजर ठेवते. त्या दोघी चिकटून बसल्या आणि दार उघडूनही वीज चालू राहिली, तर तिसरी कळ जाणूनबुजून जोड लावून फ्यूज उडवते. अमेरिकेच्या शासनाने १९७१ पासून लागू केलेल्या नियमानुसार पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा अधिक गळती यंत्राच्या आयुष्यात केव्हाही होता कामा नये, आणि नव्या यंत्राला तर मर्यादा १ मिलिवॉटचीच आहे. मायक्रोवेव्ह चालू असता घरातील वायफाय अडखळते म्हणून कित्येकांना धास्ती वाटते. दोहोंच्या लहरी जवळजवळ एकाच पट्ट्यातील असल्याने, मर्यादेच्या कितीतरी आतील गळतीनेही वायफायला अडथळा येतो. तेवढ्यावरून पेटी घातक ठरत नाही.

परंतु दार वाकले असेल, बिजागरी सैल झाली असेल, काचेला चीर गेली असेल, आकडा मोडला असेल, किंवा दाराच्या कडेची बैठक जळली असेल, तर पेटी तत्क्षणी बंद करावी. उघड्या दाराला टेकून उभे राहणे, त्यावर पातेले ठेवणे, ओला पंचा वाळत घालणे, या सवयींनीच बहुधा दार वाकते. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्याकडे फ्यूज वारंवार उडू लागला की त्या जागी जाड तार बसवून मोकळे होणारे लोक आहेत, आणि दाराची कळ बिघडली की ती बांधून टाकून 'झाले काम' म्हणणारे दुरुस्तीवालेही भेटतात. दार उघडता क्षणीच फ्यूज उडत असेल, तर दोष फ्यूजचा नसतो. पहारेकरी ओरडून सांगत असतो की कळा बिघडल्या आहेत. त्याचे तोंड बांधले तर उघड्या दारासमोर लहरी चालू राहतील, आणि डोळ्यांना व हातांना भाजण्याचा धोका उद्भवेल. दुरुस्ती झाल्यावर आपल्यादेखत दार उघडून यंत्र खरोखर थांबते की नाही हे पाहूनच पैसे द्यावेत.

आता नेहमीच्या तक्रारी एकेक घेऊ.

पेटी अगदीच मृतवत आहे, दिवा नाही, आकडे नाहीत. अशा वेळी प्रथम प्लग पाहावा. शेगडीवरच्या पेटीचा प्लग भिंतीवर दिसत नाही. तो बहुधा वरच्या कपाटात, बशांच्या मागे असतो आणि वायर कपाटाच्या तळातील भोकातून वर गेलेली असते. त्यानंतर घराच्या वीजपेटीतील ब्रेकर पाहावा. १००० वॉट उष्णता देणारा मायक्रोवेव्ह स्वतः १५०० वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे १२० व्होल्टवर १२-१३ अँपिअर. त्याच जोडणीवर कोणी टोस्टर लावला की ब्रेकर पडणारच. हे दोन्ही ठीक असूनही पेटी मृत असेल, तर आतला फ्यूज, अतिउष्णतेने तुटणारी सुरक्षा-कळ किंवा दाराची कळ यांपैकी काहीतरी गेले आहे. ते काम कारागिराचे. खाली दीर्घकाळ मोठ्या आचेवर तळण चालू असेल तर हीच सुरक्षा-कळ तुटते, आणि काही यंत्रांत ती थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून तासभर वाट पाहण्यास हरकत नाही.

दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न थंडच. येथे आधी दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. पेटी केवळ घड्याळाच्या वेळमापनावर तर लावलेली नाही ना? आणि शक्तीची पातळी कमी तर ठेवलेली नाही ना? साध्या यंत्रांत कमी शक्ती म्हणजे मंद आच नव्हे. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोराने चालतो आणि काही सेकंद थांबतो, म्हणून आवाज मधूनमधून बदलतो. तो दोष नाही. परंतु पूर्ण शक्तीवरही उष्णता येत नसेल, तर उच्च दाबाच्या बाजूचा डायोड, कपॅसिटर किंवा मॅग्नेट्रॉन गेला आहे असे समजावे. त्याबरोबर नेहमीपेक्षा जड, ओढल्यासारखा गुणगुणाट येत असेल, तर यंत्र पुन्हा चालवून पाहण्याचा मोह टाळून प्लग काढावा.

उष्णता येते, पण उशिरा. याची पारख घरच्या घरी करता येते. काचेच्या भांड्यात बरोबर १ लिटर गार पाणी घ्यावे, स्वयंपाकाच्या तापमापकाने त्याचे तापमान मोजावे आणि तापमापक बाहेर काढून घ्यावा. मग पूर्ण शक्तीवर २ मिनिटे यंत्र चालवावे, पाणी ढवळून पुन्हा मोजावे. वाढलेल्या दर अंशाला ३५ ने गुणले की वॉट मिळतात. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले तर ७०० वॉट. थोडी उष्णता भांडे खाते, म्हणून पाटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा उत्तर काहीसे कमी येणे स्वाभाविक आहे. ते निम्म्यावर आले तर मात्र मॅग्नेट्रॉन थकला आहे. आपल्याकडे हा निष्कर्ष काढण्यापूर्वी हीच परीक्षा सकाळी व संध्याकाळी, अशी दोनदा करावी. दाब उतरलेला असला की उष्णताही उतरते, आणि दोष यंत्राचा नसून विजेचा निघतो.

आत ठिणग्या उडतात. हे पाहून माणूस घाबरतो, परंतु कारण बहुधा किरकोळ असते. सोनेरी कडेची बशी, विसरलेला चमचा, ॲल्युमिनियमचा कागद हे तर उघड गुन्हेगार. ते नसतील तर आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक चौकोनी चकती पाहावी. ती अभ्रकाची असते. मॅग्नेट्रॉनकडून लहरी येतात त्या वाटेवरचे ते दार आहे. त्यावर तेल, वरण, साखर उडून बसते, पुढे जळून कोळसा होते, आणि कोळशावर ठिणगी पडते. कोडर्म्याच्या खाणींमुळे अभ्रक हे आपल्या देशाला नवे नाही. विजेच्या इस्त्रीत वर्षानुवर्षे तेच वापरले गेले आहे. ही चकती मळलेली असेल तर यंत्र थंड व बंद असताना मऊ ओल्या फडक्याने अलगद पुसावी. जळून भोक पडले असेल तर त्याच मापाची नवी बसवावी, ती स्वस्त मिळते. चकतीवाचून यंत्र चालवू नये. भिंतीचा रंग उडून पत्रा उघडा पडल्यानेही ठिणग्या येतात. त्यावर मायक्रोवेव्हसाठीच मिळणारा रंग लावतात, साधा रंग चालत नाही. पत्रा गंजून आरपार भोक पडले असेल, तर त्या यंत्राचा निरोप घ्यावा.

थाळी फिरत नाही किंवा खडखडते. थाळी काढून खालचे चाकांचे कडे आणि मधला खुंट पाहावा. चाकात अडकलेला भाताचा एक शितही पुरतो. कडे कोमट पाण्याने धुऊन, वाळवून ठेवावे आणि थाळी मधल्या खुंटावर नीट बसली आहे याची खात्री करावी. तरीही फिरत नसेल तर खालची छोटी मोटर गेलेली असते.

बटणे दाबून काही होत नाही. मुलांच्या हाताने यंत्र चालू होऊ नये म्हणून एक कुलूप दिलेले असते, आणि ते चुकून लागलेले असते. एखादे बटण तीनचार सेकंद दाबून धरले की ते उघडते. कोणते बटण, ते तेथेच लिहिलेले असते. तसे नसेल तर प्लग काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावावा. आपल्याकडे, विशेषतः गोव्यात व बेळगावकडे पावसाळ्यात, बटणांच्या मागील पट्टीवर दमट हवा बसते, आणि मुंग्या व झुरळे उबेला आत शिरतात. सांडलेले अन्न त्याच दिवशी पुसणे हाच यावर मुख्य उपाय.

दार बंद करताच यंत्र आपोआप चालू होते, हा मात्र गंभीर दोष आहे. आतील विजेचा जोड चिकटलेला असतो. प्लग काढावा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नये.

काही 'तक्रारी' मुळात तक्रारीच नव्हेत. अन्न गरम झाल्यावरही पंखा मिनिटभर चालतो. दारावर वाफेचे थेंब जमतात. आणि शेगडीवरच्या पेटीचा पंखा आपण न लावता सुरू होऊन बटण दाबूनही थांबत नाही. खालून येणारी आच ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की आतले भाग वाचविण्यासाठी पंखा स्वतःहून फिरतो, आणि पेटी निवेपर्यंत तो कोणाचे ऐकत नाही. शेगडी मंद केली की थोड्या वेळाने तो गप्प बसतो.

आता निगेकडे वळू. आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते तळाच्या जाळ्यांचे काम आहे. ही पेटी ज्या स्वयंपाकासाठी घडवली गेली त्यात मोहरी तडतडत नाही. आपली फोडणी, पुऱ्यांचे तळण आणि कुकरच्या शिट्ट्या यांमुळे तेलाची वाफ कितीतरी अधिक निघते. महिन्यातून एकदा जाळ्या धुवा असे माहितीपत्रक सांगते. आपण पंधरा दिवसांनी धुवाव्यात. जाळीचे कडे धरून ती सरकवली की खाली येते. कढत पाण्यात भांडी घासण्याचा द्रव घालून तीत जाळी दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावी, मऊ ब्रशाने हलकेच घासावी, खळखळून धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. जाळी ॲल्युमिनियमची असल्यामुळे सोडा किंवा अमोनिया वापरू नये, ती काळी पडते. वरच्या झरोक्यामागील कोळशाची जाळी धुता येत नाही. ती सहा महिन्यांनी ते वर्षाने बदलतात, आणि घरात रोज फोडणी होत असेल तर अधिक लवकर. पंखा जोरात चालूनही खोलीत कालच्या लसणीचा वास रेंगाळत असेल, तर कोळसा संपला असे ओळखावे.

फोडणी मागच्या शेगडीवर करावी. ही पेटी शेगडीइतकी खोल नसते, आणि पुढच्या शेगडीवरचा धूर तिच्या तोंडापुढून निसटून छताला जातो. तेथे धुराची सूचना देणारी घंटा बसवलेली असते. ती किंचाळली की निजलेले बाळ जागे झालेच. तेल तापण्यापूर्वीच पंखा लावावा आणि फोडणी झाल्यावर पाचएक मिनिटे चालू ठेवावा. कढईतील तेलाने पेट घेतलाच, तर पंखा बंद करावा, कारण तो ज्वाळा वर ओढतो. शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे. पाणी ओतू नये.

आतील सफाईला एक वाटी पाणी व अर्ध्या लिंबाचा रस पुरेसा आहे. वाटीत एक लाकडी चमचा ठेवावा, तीनचार मिनिटे यंत्र चालवावे आणि नंतर पाच मिनिटे दार न उघडता वाफ मुरू द्यावी. जळके डाग त्याने सुटतात, आणि मऊ फडक्याने सारे निघून येते. तारेचा चोथा आणि सुरी यांना येथे मज्जाव आहे. फवारा यंत्रावर न मारता फडक्यावर मारावा, म्हणजे द्रव झरोक्यांतून आत जात नाही. दाराच्या कडा दर आठवड्यास पुसाव्यात, कारण तेथे साचलेला थर दार घट्ट बसू देत नाही.

लाकडी चमचा ठेवण्यास कारण आहे. गुळगुळीत भांड्यातील पाणी मायक्रोवेव्हमध्ये कधीकधी उत्कलनबिंदूच्या पुढे तापूनही उकळत नाही, आणि बाहेर काढून चमचा घालताच उसळून हात भाजते. बाळासाठी पाणी तापवताना याचे भान हवे. दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. बाटली हाताला कोमट लागते, आणि आत एखादा भाग जीभ पोळण्याइतका कढत असतो. ती गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवणे हीच जुनी रीत बरी. कवचासकट अंडे आत ठेवू नये. यंत्र रिकामे चालवू नये, कारण शोषणारे काही नसले की लहरी परतून मॅग्नेट्रॉनलाच तापवतात. आत काही पेटलेच, तर दार उघडू नये. यंत्र बंद करावे, प्लग काढावा किंवा ब्रेकर पाडावा. हवेवाचून आग आपोआप विझते.

शेवटी दुरुस्ती की नवे यंत्र, हा प्रश्न. घर भाड्याचे असेल तर पेटी बहुधा घरमालकाची असते. तक्रार नोंदवून स्वस्थ बसावे. घर स्वतःचे असेल तर प्रथम हमीपत्र पाहावे. पुष्कळ कंपन्या मॅग्नेट्रॉनला वेगळी, अधिक मुदतीची हमी देतात. हमी संपली असेल आणि मॅग्नेट्रॉनच गेला असेल, तर कारागिराची मजुरी व नळीची किंमत मिळून नव्या यंत्राजवळ जाते. दाराची कळ, थाळीची मोटर, अभ्रकाची चकती यांची दुरुस्ती मात्र अवश्य करून घ्यावी. पेटी २५ किलोंच्या आसपास भरते, आणि ती भिंतीतील लाकडी खांबाला धरलेल्या पट्टीवर टांगलेली असते. ती एकट्याने उतरवण्याचे साहस कोणी करू नये. तिकडची जुनी पेटी सामानातून इकडे आणण्याचा विचारही सोडून द्यावा. १२० व्होल्ट व ६० आवर्तनांसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० आवर्तनांवर, दाब उतरवून दिला तरी, अति तापतो. इकडच्या यंत्रासाठी अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट वायरमनकडून बसवून घ्यावा, मध्ये लांबलचक जोडवायर लावू नये, आणि मागे व वर हवा खेळण्यास चार बोटे तरी जागा सोडावी. निकामी यंत्र भंगारात देताना आत वीज साठवणारा कपॅसिटर आहे हे सांगून द्यावे. तोडणाऱ्याच्या हाताचाही आपण विचार केला पाहिजे.

तात्पर्य एवढेच की, या यंत्राच्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा फडके, कोमट पाणी आणि थोडी निरीक्षणबुद्धी यांनी निवारता येतात, आणि उरलेल्या ज्या स्क्रूच्या पलीकडच्या आहेत, त्यांना हात न लावणे हेच शहाणपण होय. ही मर्यादा ओळखून वागणाऱ्या घरात मायक्रोवेव्ह वर्षानुवर्षे निमूटपणे सेवा करतो. परदेशी लेकीच्या घरी जाणाऱ्या मातापित्यांनी सामानात मेतकूट-लोणच्याबरोबर एवढी माहिती बांधून घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.